यादीतील नाव आणि समाजातील माणूस : महाविद्यालयीन प्रवेशाच्या वर्गवारीचे भाषिक परीक्षण

१

महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी कोणते समाज राखीव जागांस पात्र समजावयाचे, हा प्रश्न सामान्यतः राजकारणाचा, विधिशास्त्राचा अथवा समाजशास्त्राचा मानला जातो. तो तसा आहेही. तथापि या प्रश्नाचा प्रत्यक्ष निर्णय ज्या साधनाने होतो ते साधन म्हणजे एक यादी होय. आणि यादी ही शब्दांची बनलेली असते. अर्जातील नाव यादीतील नावाशी जुळले तर विद्यार्थी त्या प्रवर्गात येतो, न जुळले तर येत नाही. परंतु नाव जुळणे म्हणजे नेमके काय, हा केवळ कार्यालयीन प्रश्न नव्हे. एकच शब्द दोन भिन्न समाजांचा वाचक असू शकतो; एकाच समाजाला दोन नावे असू शकतात; एखादे नाव लिपीच्या मर्यादेमुळे दुसऱ्या नावासारखे दिसू शकते. शब्द आणि त्याने दर्शविलेला समाज यांच्यातील हा संबंध भाषाशास्त्राच्या विचारकक्षेत येतो. तो पुरेसा न तपासल्यामुळे वर्गवारीच्या चर्चेत जो मूलभूत दोष राहून गेला आहे, त्याचे परीक्षण प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. उदाहरणे शक्य तेथे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील घेतली आहेत. मालवणचा समुद्रकिनारा, सह्याद्रीचा पायथा आणि गोव्याची सीमा या तिन्ही गोष्टी ज्या जिल्ह्यात जवळजवळ येतात, तेथे नावांचा हा गुंता विशेष स्पष्टपणे दृष्टीस पडतो.

२

प्रारंभीच एक भेद लक्षात घेतला पाहिजे. मद्रास राज्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या जागा जातवार वाटून देणारा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन प्रकरणात रद्द ठरविला, आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने पंधराव्या अनुच्छेदात चौथा खंड घालण्यात आला. शैक्षणिक प्रवेशातील राखीव जागांचा मूळ आधार तो हा. या खंडात 'प्रतिनिधित्व' हा शब्द नाही. तेथील भाषा सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गांची आणि अनुसूचित जाती-जमातींची आहे. अपुऱ्या प्रतिनिधित्वाची कसोटी सोळाव्या अनुच्छेदात येते, व ती शासकीय सेवेपुरती आहे. 'अल्पसंख्य' हा शब्द तर तिसऱ्याच संदर्भात, म्हणजे तिसाव्या अनुच्छेदात धर्म व भाषा यांच्या अनुषंगाने, वापरलेला आहे.

यावरून असे दिसते की, 'प्रतिनिधित्व अपुरे असलेले अल्पसंख्य समाज' असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा तीन निरनिराळ्या कल्पना एकत्र बांधल्या जातात. संख्या ही एक कल्पना, वाटा ही दुसरी आणि मागासलेपण ही तिसरी. संख्येने लहान असलेला समाज मागासलेला असेलच असे नाही. आणि संख्येने मोठा असलेला समाज महाविद्यालयात अत्यल्प असू शकतो.

महाराष्ट्रात या तिन्ही कल्पनांचा भार अखेर प्रवर्गांच्या यादीवर पडला आहे. अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती ३, भटक्या जमातींचे तीन गट अनुक्रमे २.५, ३.५ व २, इतर मागासवर्ग १९ आणि विशेष मागास प्रवर्ग २, अशी ही वाटणी आहे. त्यांत २०१९ मध्ये आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांच्या १० टक्क्यांची आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजासाठी सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग म्हणून आणखी १० टक्क्यांची भर पडली. टक्केवारी प्रवर्गाला आहे, नावाला नाही. एका प्रवर्गात अनेक नावे असतात, आणि त्यांपैकी कोणत्या नावाच्या समाजाला महाविद्यालयात किती जागा मिळाल्या हा प्रश्न यादी विचारीत नाही. प्रतिनिधित्वाचे माप प्रवर्गापाशी थांबते. समाजापर्यंत ते पोहोचत नाही.

३

कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाज चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री किताब देण्यात आला. अनुसूचित जमातींच्या महाराष्ट्राच्या यादीत 'ठाकूर, ठाकर' आणि त्यांच्यासह 'क ठाकूर', 'म ठाकूर' इत्यादी नावे आहेत. वरवर पाहता येथे शंकेस जागा नाही.

वस्तुतः शंका येथूनच सुरू होते. या नोंदीला पूर्वी क्षेत्राची मर्यादा होती. ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील ठराविक तालुके तेवढे तिच्यात निर्दिष्ट होते. रत्नागिरी जिल्हा, ज्याच्यातून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यात नव्हता. म्हणजे पिंगुळीच्या ठाकराचे नाव यादीत होते आणि तरीही तो यादीत नव्हता. १९७६ च्या दुरुस्ती-कायद्याने क्षेत्रमर्यादा काढली. तेव्हापासून नाव सर्व राज्यभर लागू झाले. परंतु त्याबरोबरच सह्याद्रीतील ठाकूर, कुडाळकडील ठाकर आणि केवळ 'ठाकूर' आडनाव लावणारी निरनिराळ्या जातींची कुटुंबे ही सर्व एकाच शब्दाच्या छायेत आली. 'ठाकूर' हा शब्द उत्तर भारतात राजपूत प्रतिष्ठेचा निदर्शक आहे, आणि बंगालमध्ये तोच एका विख्यात ब्राह्मण घराण्याचे आडनाव झाला आहे. शब्द एक, वाच्यार्थ अनेक. क्षेत्रमर्यादा हे या अनेकार्थतेवरचे एक ओबडधोबड नियंत्रण होते. ते अन्यायकारक होते, म्हणून गेले हे योग्यच झाले. परंतु त्याच्या जागी अर्थ निश्चित करणारे दुसरे काही आले नाही. तो भार दाखला मागणाऱ्या विद्यार्थ्यावर पडला.

नाव आणि वस्तू यांची अशी फारकत केवळ कायद्यातच होते असे नाही. चित्रकथीच्या परंपरेतील जी चित्रे संग्रहालयांतून पहावयास मिळतात, ती 'पैठण चित्रे' या नावाने ओळखली जातात. कारण ती पैठण येथे हाती आली. संग्राहकाला जेथे वस्तू मिळाली तेथले नाव तिला चिकटले. चित्राची त्यामुळे विशेष हानी होत नाही. माणसाची होते.

किनाऱ्यावरही हाच प्रकार वेगळ्या रीतीने दिसतो. मालवण, देवगड व वेंगुर्ले या भागांत मासेमारी मुख्यतः गाबीत समाजाची. उत्तरेस रायगड व मुंबईकडे ती कोळ्यांची. व्यवसाय एक असून नावे दोन आहेत. उलटपक्षी 'कोळी' हे नाव एक असून समाज अनेक आहेत. कोळी महादेव, कोळी मल्हार, डोंगर कोळी, टोकरे कोळी ही नावे अनुसूचित जमातींत आहेत व ती डोंगराळ भागातील समाजांची आहेत. सोनकोळी, मच्छीमार कोळी ही समुद्राकडील नावे विशेष मागास प्रवर्गात आहेत. नावाच्या समानतेवरून किंवा व्यवसायाच्या समानतेवरून समाजाची एकता सिद्ध होत नाही, हे सूत्र या एका किनाऱ्यावरूनही स्पष्ट व्हावे.

४

तेरेखोलची खाडी ओलांडली की नावांचे मूल्य बदलते. सिंधुदुर्गात कुणबी हा समाज इतर मागासवर्गात मोडतो. गोव्यात कुणबी, गावडा व वेळीप हे समाज २००३ पासून अनुसूचित जमाती आहेत. गुजरातच्या यादीत 'कुणबी' हे नाव अनुसूचित जमातींत आहे, परंतु डांग जिल्ह्यापुरतेच. 'कुणबी' हा शब्द 'कुटुंबिन्' या संस्कृत शब्दापासून आलेला, मूळ अर्थाने घरदार करून शेती करणाऱ्याचा वाचक. असा व्यवसायवाचक शब्द ठिकठिकाणी निरनिराळ्या समाजांना लागला, यात नवल नाही. म्हणूनच राज्याच्या सीमेवर त्याचा प्रवर्ग बदलला तर ती विसंगती नव्हे; तेथे शब्द तोच राहतो, समाज बदलतो. गुजरातच्या यादीने कंसात जिल्ह्याचे नाव लिहून अर्थ निश्चित केला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रात २०२३ पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने जुन्या कागदपत्रांतील 'कुणबी' नोंदींचा जो शोध घेतला, त्याचा सर्व भर या एका शब्दावर होता. आणि जुन्या कारकुनाने तो व्यवसाय म्हणून लिहिला की जात म्हणून, हा प्रश्न शब्दावरून सुटणारा नाही.

परंतु सीमेचा दुसरा परिणाम इतका निरुपद्रवी नाही. येथे समाज तोच राहतो आणि दर्जा बदलतो. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील प्रवेशासंबंधीच्या मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये असा निर्णय दिला की, एका राज्यात अनुसूचित असलेली जमात स्थलांतरानंतर दुसऱ्या राज्यात त्या नात्याने सवलत मागू शकत नाही. या न्यायाने गोव्यातील गावडा कुटुंब बांद्यास येऊन राहिले तर त्याच्या मुलांचा जमातीचा दर्जा प्रवेशापुरता नाहीसा होतो. मागासलेपण हे स्थानिक परिस्थितीशी निगडित असते, हा न्यायालयाचा युक्तिवाद तर्कशुद्ध आहे; मात्र पत्रादेवीच्या नाक्यावर परिस्थिती एकाएकी पालटते असे मानणे कठीण आहे.

धनगर समाजाचे उदाहरण ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने अधिक बोधक आहे. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींच्या ३.५ टक्क्यांच्या गटात आहेत. अनुसूचित जमातींच्या यादीत 'ओरांव, धनगड' अशी नोंद आहे. 'धनगड' हा 'धनगर' या शब्दाचाच लेखनदोष होय, हा दावा अनेक वर्षे केला गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला. 'ड' आणि 'र' यांची अदलाबदल भारतीय भाषांत सर्वत्र आढळते, आणि रोमन लिपीत तर एकाच उच्चाराची दोन्ही रूपे लिहिली जातात. म्हणून दावा ध्वनिदृष्ट्या असंभाव्य नव्हता. परंतु ध्वनिपरिवर्तन हा ध्वनीविषयीचा पुरावा आहे, समाजाविषयीचा नव्हे. 'धनगड' हे नाव तेथे 'ओरांव' या नावाला जोडून आले आहे; ओरांव ही मूळची छोटा नागपूरकडील जमात, आणि तिच्यातील लोकांना हे नाव लावले जात असे. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजारावरून ठरतो, हा कोशकाराचा प्राथमिक नियम येथे उपयोगी पडतो. धनगर समाजाचा मागासलेपणाचा प्रश्न याने मिटत नाही. सह्याद्रीच्या कुशीतील एकाकी वाड्यांत राहणाऱ्या धनगराच्या मुलीला महाविद्यालय किती दूर आहे, हा खरा प्रश्न होता. तो एका अक्षराच्या वादात हरवला, ही खेदाची गोष्ट आहे.

५

न्यायालयांनी हे शब्द कसे वाचले? येथे दोन परस्परविरोधी प्रवृत्ती दिसतात. बसवलिंगप्पा प्रकरणात, १९६४ मध्ये, म्हैसूरच्या यादीतील 'भोवी' हे नाव कोणाचे असा प्रश्न आला. त्या नावाची वेगळी जात तेथे पूर्वी आढळत नव्हती. वड्डर समाजाने ते नाव स्वीकारले होते. तेव्हा यादीबाहेरील पुरावा पाहून नावाचा अर्थ लावणे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. नोव्हेंबर २००० मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद या खटल्यात घटनापीठाने मात्र असे ठरविले की, यादी जशी आहे तशीच वाचावी. 'हलबा' या नोंदीत 'हलबा कोष्टी' अंतर्भूत आहेत की नाहीत याची चौकशी करण्यास वाव नाही. हा वाद १९८५-८६ मधील वैद्यकीय प्रवेशातून निघालेला होता. निकाल लागेपर्यंत विद्यार्थी डॉक्टर झाला होता. त्याची पदवी न्यायालयाने अबाधित ठेवली. अशा संरक्षणाचा मार्ग पुढे २०१७ च्या एका निर्णयाने बव्हंशी बंद झाला.

यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा, न्यायालयाचा किंवा समितीचा नव्हे, हे तत्त्व योग्यच आहे. ते नसते तर ज्याच्यापाशी साधने अधिक तो नामसादृश्याच्या आधारे यादीत शिरला असता, आणि ज्यांच्यासाठी ती केली ते बाहेर राहिले असते. परंतु 'यादी बदलू नये' आणि 'यादीचा अर्थ विचारू नये' ही दोन विधाने एक नव्हेत. दुसऱ्या विधानात असे गृहीत धरले आहे की, शब्द स्वतःच आपला अर्थ सांगतो. विशेषनामाच्या बाबतीत हे कधीच खरे नसते. विशेषनाम केवळ निर्देश करते. कोणाकडे निर्देश करते हे बाहेरूनच कळावे लागते. 'गोंड गोवारी' ही नोंद पहावी. ती एक जमात की दोन नावांचा समास, यावर नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये गोवारींच्या बाजूने आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये त्याविरुद्ध निर्णय दिला. याच मागणीसाठी निघालेल्या मोर्चात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपूर येथे चेंगराचेंगरीत ११४ गोवारी मृत्यू पावले होते. पुढे विशेष मागास प्रवर्गात त्यांचा समावेश झाला. दोन शब्दांमधील मोकळ्या जागेचा अर्थ काय, या प्रश्नाला एवढी किंमत पडावी, हे यादीच्या रचनेवरील सर्वांत कठोर भाष्य होय.

६

शब्द अर्थ सांगत नाही याची जाणीव व्यवहारात झाली नाही असे नाही. माधुरी पाटील प्रकरणात, सप्टेंबर १९९४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची कार्यपद्धती घालून दिली. वैद्यकीय प्रवेशासाठी 'महादेव कोळी' म्हणून केलेला दावा 'हिंदू कोळी' अशा नोंदींमुळे तेथे टिकला नाही. या पद्धतीत कागदपत्रांबरोबर अर्जदाराचा जमातीशी असलेला आप्तभाव तपासण्यात येऊ लागला. दैवते, विधी, विवाहाच्या व अंत्यसंस्काराच्या रीती यांविषयी प्रश्न विचारून उत्तरे जमातीच्या वर्णनाशी ताडून पाहणे, असे तिचे स्वरूप होते.

या चाचणीतील दोष उघड आहे. शब्दाचा अर्थ शासनाने द्यावयास हवा होता. तो अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडून वदवून घेण्यात आला. ज्याचे आईवडील नोकरीनिमित्त शहरात गेले, ज्याने शाळेत प्रमाण मराठी आत्मसात केली, तो आपल्या आजोबांच्या विधींचे वर्णन जितके अपुरे करील तितका तो जमातीबाहेरचा ठरावयाचा. म्हणजे शिक्षणाने जे साधावयाचे तेच शिक्षणाच्या हक्काविरुद्धचा पुरावा व्हावयाचे. ठाकूर जमातीसंबंधीच्या २४ मार्च २०२३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे असे स्पष्ट केले, आणि घटनापूर्व कागदपत्रांस अधिक प्रमाण मानले. हा निर्णय स्वागतार्ह आहे. पिंगुळीच्या विद्यार्थ्याला कळसूत्री बाहुली नाचविता येत नाही म्हणून तो ठाकर नाही, असा युक्तिवाद करणे आता कठीण जावे.

तथापि कागदपत्रांचाही एक इतिहास असतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचे पुरावे सामान्यतः महत्त्वाचे ठरतात. सिंधुदुर्गात मालवणकडील जुने दप्तर ब्रिटिश अंमलाखालील रत्नागिरी जिल्ह्याचे, तर सावंतवाडीकडील दप्तर संस्थानाचे. जुने कागद पुष्कळदा मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. 'गाबित' की 'गाबीत', 'ठाकुर' की 'ठाकूर', हा फरक त्या लिपीत दिसणारच नाही. लेखक जसे ऐकी तसे लिही. आणि सांगणारा पुष्कळदा आपल्या जातीचे नाव न सांगता अधिक प्रतिष्ठेचे नाव सांगे. ज्यांच्या घरी कागद जपून ठेवण्याइतके स्थैर्य होते त्यांनाच हा पुरावा सुलभ आहे. जो अधिक मागासलेला, त्याच्यापाशी मागासलेपणाचा कागद कमी.

७

यादीऐवजी प्रमाण ही कसोटी धरली तर काय होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळणे उपयुक्त ठरेल. तेथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने प्रतिनिधित्व अपुरे असलेले अल्पसंख्य म्हणून पूर्वी चार गट नावानिशी दिले होते : कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, मूळ अमेरिकन आणि मुख्य भूमीवरील पोर्तोरिकन. २००३ मध्ये ही नावे काढून तिने एक व्याख्या स्वीकारली. लोकसंख्येतील प्रमाणाच्या मानाने वैद्यकीय व्यवसायात ज्यांचे प्रमाण कमी ते त्या गटात मोडतात, असा तिचा आशय होता. नावाची जागा गुणोत्तराने घेतली. परंतु मोजणीसाठी पुन्हा नावे लागलीच. 'एशियन' या एका चौकटीत पूर्व आशियाई व दक्षिण आशियाई एकत्र मोजले गेले. त्या चौकटीत अमेरिकेस स्थायिक झालेल्या पुण्याच्या सुखवस्तू घरातील मुलगा आणि पिंगुळीच्या ठाकराचा मुलगा यांत काहीच भेद उरत नाही. जून २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित प्रवेशपद्धती अवैध ठरविली, तेव्हा या चौकटींचा ढोबळपणा हाही त्याच्या टीकेचा एक विषय होता. तात्पर्य, प्रमाण ही कसोटी यादीहून श्रेष्ठ असली तरी ती नावाच्या प्रश्नातून सुटका करून देत नाही.

भारतात तर मोजणीच नाही. सर्व जातींची प्रसिद्ध झालेली अखेरची पूर्ण गणना १९३१ ची. मंडल आयोगाने १९८० मध्ये तिचाच आधार घेतला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील जातींचे आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या, तर २०११ च्या पाहणीत ४६ लाखांहून अधिक नावे आली, असे केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले. लाखो नव्या जाती निर्माण झाल्या असा याचा अर्थ नव्हे. आडनावे, पोटनावे, गोत्रे आणि लेखनभेद यांना जाती समजले गेले, एवढाच त्याचा अर्थ. ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला. नावांचा कोश आधी सिद्ध न करता ही गणना झाली, तर तिचेही तेच होईल.

८

या सर्व विवेचनावरून दोष कोठे आहे ते दिसून यावे. वर्गवारीची यादी ही कोशासारखी वापरली जाते. पण ती शब्दसूचीसारखी लिहिली आहे. कोशात शब्दापुढे अर्थ असतो, सूचीत नसतो. प्रत्येक नोंदीपुढे त्या समाजाची वस्ती, पर्यायी नावे, लेखनभेद आणि समान नावाचे परंतु भिन्न असे समाज यांचे अधिकृत वर्णन असावयास हवे. 'ठाकर' या नोंदीपुढे कुडाळकडील ठाकरांचा निर्देश स्पष्टपणे आला, तर त्यांच्या मुलांना तोच प्रश्न प्रत्येक पिढीत नव्याने सोडवावा लागणार नाही. नावे घालण्या-काढण्याचा संसदेचा अधिकार यामुळे बाधित होत नाही. अर्थनिर्देश म्हणजे दुरुस्ती नव्हे. असे वर्णन चुकीचे झाले तर ते एखाद्या समाजास कायमचे बाहेर ठेवील, हा आक्षेप खरा आहे. म्हणून ते प्रसिद्ध करून त्यावर हरकती मागविल्या पाहिजेत. आजही वर्णन आहेच. फरक इतकाच की ते समितीच्या फाइलीत असते आणि विद्यार्थ्याला ते दिसत नाही.

दुसरे असे की, प्रवेशाचे आकडे प्रवर्गवार न देता नोंदवार दिले पाहिजेत. १ ऑगस्ट २०२४ च्या निर्णयाने अनुसूचित जातींच्या पोटवर्गीकरणास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली, पण त्यास अपुऱ्या प्रतिनिधित्वाचा पुरावा हवा असे सांगितले. असा पुरावा नोंदवार आकड्यांशिवाय कोठून येणार? ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ पासून सुरू झाले आहे. त्यात राखीव जागा भरल्या की नाहीत हे सांगता येते. गाबीत किती, ठाकर किती, धनगर किती, हे सांगितले जात नाही. आणि तेच कळल्याशिवाय कोणाचे प्रतिनिधित्व अपुरे आहे हे विधान करता येणार नाही.

नाव हे समाजाकडे जाण्याचा रस्ता आहे, मुक्कामाचे ठिकाण नव्हे. यादीने नावाशी थांबावे आणि विद्यार्थ्याने पुढचे अंतर एकट्याने, प्रवेशाची मुदत संपण्याच्या आत, कागदांची चळत घेऊन तोडावे, ही व्यवस्था राखीव जागांच्या हेतूशी सुसंगत नाही. नावाचा अर्थ सांगण्याची जबाबदारी ज्याने ते यादीत लिहिले त्याची असते.